गाडीची चकाकी आणि बाबांचं फडकं

आमची गाडी २०१७ च्या दसऱ्याला घरी आली. बाबांना निवृत्त होऊन चार महिने झाले होते. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं काढल्यावर त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, आणि तीही वाइन रेड रंगाची. आईचं म्हणणं होतं, पांढरी घ्या, तरसालीत धूळ काय कमी आहे? एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला जीआयडीसी, आणि मध्ये कुठे ना कुठे नवीन इमारतीचं काम चालूच. बाबा म्हणाले, पांढरी टॅक्सीसारखी दिसते. त्यांनी इतकी वर्षं स्कूटरवर काढली होती, त्यामुळे आईनं वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नेम सुरू झाला. सकाळी सातला, चहाच्या आधी, आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन खाली जायचं आणि गाडी पुसायची. छत, बॉनेट, चारही दारं, डिकी. पाणी नाही, काही नाही. कोरडं फडकं, ते मध्येमध्ये झटकायचं आणि पुन्हा पुसायचं. सोसायटीतले काका त्यांना चिडवायचे, की जावयालासुद्धा कुणी इतकं जपत नाही. पाऊस असो, ताप असो, बाबांचा नेम चुकला नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी घरी होते. मे महिन्यातल्या एका दुपारी गॅलरीतून खाली पाहिलं, तर गाडीच्या छतावर सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती गोल गोल बारीक रेघा दिसत होत्या. कोळ्यानं जाळं विणावं तशा. खाली जाऊन पाहिलं. दारांवर, बॉनेटवर, सगळीकडे तेच. सावलीत गाडी ठीक दिसत होती, उन्हात आली की मात्र जुन्या स्टीलच्या ताटासारखी. रंग तोच होता, पण त्याची खोली गेली होती. बाबांनाही ते दिसत होतंच. ते म्हणाले, "आजकालचे रंगच हलके." आणि दुसऱ्या दिवसापासून दोनदा पुसायला लागले.

मी एम. एस. युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्री केलं आहे आणि एका कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये काम करते. रंग हा काही माझा विषय नव्हे. पण घरातल्या गाडीचं असं होताना पाहून गप्पही बसवेना. म्हणून वाचायला लागले, ओळखीच्यांना विचारायला लागले. त्यातून जे कळलं आणि जे आपटून कळलं, ते इथे लिहिते आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी गाडी आहे, आणि बहुतेकांच्या घरी ते फडकंही आहे.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं गंज रोखणारा थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकरसारखा थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळं मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यात क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन धरला, तर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. गाडीची सगळी चकाकी, उन्हापासूनचं सगळं संरक्षण त्या एवढ्याशा थरात असतं. आपण "रंगावर चरा पडला" म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा चरा या थरावर असतो. रंग खाली शाबूत असतो.

बडोदेकरांना हे समजवायला संखेड्याचं उदाहरण पुरतं. आजीच्या घरी संखेड्याचा झोपाळा होता, तुमच्याही नात्यात कुणाकडे तरी असेलच. त्यावरची सोनेरी वेलबुट्टी सोन्याची नसते. ती कथलाची, म्हणजे पांढरी चमक असते. तिच्यावर लाखेचा पारदर्शक थर चढला की ती सोन्यासारखी दिसते. लाख खरवडली गेली तर सोनं जातं. गाडीचंही अगदी तसंच.

जुन्या गाड्यांना हा वरचा थर नसायचा. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीनं ड्यूको नावाचं झटपट वाळणारं लॅकर काढलं. त्याआधी एका गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत. आपल्याकडचे रंगारी आजही फवाऱ्याच्या रंगाला "ड्यूको" म्हणतात, ते त्याच्यावरूनच. त्या रंगांना पॉलिश केलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. पॉलिश म्हणजे वरचा मेलेला थर काढून टाकणं, हे तेव्हा डोळ्यांनी दिसत होतं. आता क्लिअर कोट पारदर्शक असल्यामुळे आपण काय काढतो आहोत ते दिसत नाही. फडकं पांढरंच राहतं आणि माणूस खूश होतो.

२०२२ च्या दिवाळीनंतर मी बाबांना हायवेजवळच्या एका दुकानात घेऊन गेले. काचेची केबिन, एलईडीचे दिवे, भिंतीवर "९एच" असं मोठ्या अक्षरांत. सिरॅमिक कोटिंग करून घ्या, पाच वर्षं मागे वळून पाहायला नको, २८,००० रुपये. बाबांनी रक्कम ऐकून माझ्याकडे पाहिलं. तो माणूस हुशार होता. म्हणाला, पैसे राहू द्या अंकल, आधी अर्ध्या बॉनेटवर फुकट डेमो बघा. मशिन फिरलं, आणि खरंच सांगते, अर्धं बॉनेट नवं झालं. जाळं गायब. बाबांचा चेहरा खुलला. मग ते वाकून बॉनेटच्या कडेपाशी गेले आणि तिथेच थांबले. कडेच्या घडीवर चिंचोक्याएवढा भाग फिका, मेणचट दिसत होता. मशिन कडेवर जरा जास्त वेळ टेकलं होतं. क्लिअर कोट तिथे संपला होता.

दुकानदार म्हणाला, कोटिंगखाली झाकलं जाईल. बाबा म्हणाले, "नको." घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. सुसेन सर्कलला सिग्नल हिरवा झाला तरी त्यांना कळलं नाही, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला.

कोटिंग ही फसवणूक आहे, असं माझं म्हणणं नाही. ते चांगलं काम करतं, तयारी नीट केली तर. पण त्या "९एच"बद्दल एक सांगायला हवं. हा आकडा पेन्सिलींच्या मापावरचा आहे. शाळेत आपण एचबी वापरायचो ना, त्याच रांगेतली अगदी कडक पेन्सिल ९एच. ती पेन्सिल ठरावीक दाबानं पृष्ठभागावर ओढायची आणि ओरखडा उठतो का पाहायचं, अशी ती चाचणी. खनिजांचा कडकपणा मोजायचं मोह्सचं माप वेगळं. त्यात हिरा १० आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७. दुकानात नऊ ऐकलं की आपल्याला वाटतं हिऱ्याच्या खालोखाल झालं काम. तसं काही नसतं. हायवेवरच्या धुळीत क्वार्ट्झ असतंच, आणि पेन्सिल त्याच्यापुढे कच्ची.

पुढच्या आठवड्यात मी आमच्या कंपनीतल्या कोटिंग विभागातून थर मोजायचं छोटं यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं. ते पत्र्यावर टेकवलं की वरच्या सगळ्या रंगाची जाडी सांगतं. ते मी बाबांच्या हातात दिलं. बाबांनी आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळलेला, त्यामुळे त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी वहीत गाडीचा आराखडा काढला आणि प्रत्येक पॅनेलवर पाच-पाच ठिकाणी मापं घेतली, जणू जॉब तपासायला आला आहे. बहुतेक ठिकाणी शंभरच्या वरखाली. बॉनेटच्या त्या कडेला साठ.

"म्हणजे वरचा थर चाळीस होता आणि चाळीसच गेला," ते म्हणाले.

"हो."

"पॉलिशवाला एका वेळी किती काढतो?"

"नीट केलं तर दोन-तीन मायक्रॉन. दाबलं, गरम केलं, तर कितीही."

"म्हणजे हे मोजक्याच वेळा करता येतं. मग संपलं." ते थोडा वेळ वहीकडे पाहत बसले. "पण या रेघा मुळात आल्या कुठून?"

हाच प्रश्न मी अडीच वर्षं टाळत होते. त्यांनी सकाळी सातला प्रेमानं जे केलं, त्यातूनच हे झालं, असं सांगायचं कसं? मी फिरवून फिरवून सांगायला लागले. धूळ म्हणजे नुसती माती नाही, त्यात वाळू असते, कारखान्यांतला ग्राइंडिंगचा चुरा असतो, आणि कापड कितीही मऊ असलं तरी…

बाबांनी मला थांबवलं. "अगं, हे लॅपिंग झालं."

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टूलरूममध्ये एखादा पृष्ठभाग अगदी गुळगुळीत करायचा असेल, तर त्यावर घर्षणाची बारीक पूड टाकून दुसऱ्या पृष्ठभागानं गोल गोल घासतात. पूड दोघांच्या मध्ये मोकळी फिरते आणि धातू मायक्रॉन-मायक्रॉननं उतरवते. त्याला लॅपिंग म्हणतात. बाबांनी ते पोटासाठी ३४ वर्षं केलं होतं. निवृत्तीनंतर ते स्वतःच्याच गाडीवर रोज सकाळी करत होते, पूड तरसालीची आणि कापड आईच्या साडीचं.

"गोल फिरवायचो ना मी," ते म्हणाले. "त्यातूनच या रेघा." मग उठून त्यांनी ते फडकं धुवायला टाकलं. मला त्यांच्याकडे पाहवेना.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचं ते मोठं प्रदर्शन भरलं होतं, देशभरातल्या राजघराण्यांच्या गाड्यांचं. आम्ही दोघं गेलो. मी गाड्या पाहत होते आणि बाबा त्या गाड्या पुसणाऱ्या माणसांना पाहत होते. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघ, एकही जण कोरडं पुसत नाही." आधी बारीक फवारा, मग जाड लुसलुशीत कापड, न दाबता एका दिशेनं, आणि दर वेळी कापडाची घडी उलटून. ऐंशी-नव्वद वर्षांच्या गाड्या होत्या त्या.

उत्तरायणानंतरच्या रविवारी आम्ही स्वतःच गाडीला सीलंट लावायचं ठरवलं. सीलंट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण दुकानात मेण, पॉलिश, सीलंट, कोटिंग सगळं एकाच रॅकवर असतं आणि आपण गोंधळतो. पॉलिश काढतं. बाकीची तिन्ही चढवतात. मेण म्हणजे बहुतेक वेळा कार्नाउबा. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते तयार होतं. दिसायला फार सुंदर, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही आठवड्यांचा पाहुणा. सीलंट हे कृत्रिम पॉलिमर असतं, बरेचदा सिलिकोन जातीचं. ते क्लिअर कोटला धरून बसतं आणि कंपन्या त्याला चार-सहा महिने सांगतात. बडोद्याच्या उन्हात गाडी उघड्यावर उभी असेल तर मी तीनच धरते. कोटिंग त्याहून टिकाऊ, काचेच्या कुळातलं, आणि त्याहून महाग. चुकलं तर निघता निघत नाही. सीलंट चुकलं तर पुन्हा लावता येतं. घरी करणाऱ्यासाठी म्हणून मला तेच बरं वाटतं.

त्याची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी. ते काही चिलखत नव्हे. पण पक्ष्याची विष्ठा, झाडाचा चीक, बोअरच्या पाण्याचे डाग यांना आधी ते तोंड देतं. आमच्याकडे कबुतरं भरपूर आहेत. विष्ठेत युरिक आम्ल असतं, आणि उन्हात तापलेला क्लिअर कोट फुगलेला असतो. तो थंड होताना तिच्याभोवती आक्रसतो आणि कायमचा ठसा उमटतो. सीलंट असेल तर संध्याकाळपर्यंतची सवलत मिळते. नसेल तर मे महिन्यात तासाभरातही खेळ आटोपतो. दुसरं म्हणजे धूळ कमी चिकटते. गुळगुळीत पृष्ठभागावरून ती पाण्याच्या नुसत्या धारेनं बरीचशी निघून जाते, घासावं लागत नाही. माझ्या मते सीलंटचा खरा उपयोग हा आहे. चकाकी हा वरचा नफा.

प्रत्यक्ष लावणं हे एकूण कामाचा शेवटचा अर्धा तास. आधीचे चार तास तयारी. गाडी धुतली, दोन बादल्यांनी. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरी फक्त हातमोजा खळबळायला. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ बाबांनी मला मुद्दाम दाखवला. भांड्यांचा साबण वापरू नका, तो आधीचं मेण-सीलंट सगळं धुऊन नेतो.

मग लोखंड काढणारा फवारा. मला वाटलं होतं, याची आपल्याला काय गरज? छतावर मारला आणि दोन मिनिटांत लाल छतावरून जांभळे ओघळ यायला लागले. हे द्रव लोखंडाच्या कणांशी संयोग पावून जांभळं होतं. ब्रेकमधून उडणारा आणि कारखान्यांच्या ग्राइंडिंगमधून हवेत येणारा चुरा गरम असताना रंगात रुततो आणि तिथेच गंजत राहतो. निवृत्तीनंतरही बाबा आठवड्यातून दोन दिवस जुन्या कारखान्यात सल्ला द्यायला जायचे आणि गाडी शेडबाहेर ग्राइंडिंगच्या पंख्याखाली लावायचे. जांभळं पाणी वाहताना पाहून ते हसायलाच लागले. म्हणाले, "आमच्याच कारखान्याचा माल आहे हा."

त्यानंतरही हाताला खरखर लागत होती. ती ओळखायची एक युक्ती आहे. भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि धुतलेल्या ओल्या गाडीवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला न जाणवणारा कणन् कण जाणवतो. ही खरखर काढायला एक मऊ, कणकेच्या गोळ्यासारखी चिकणी वडी मिळते. शाम्पूचं पाणी लावून ती हलकेच फिरवायची. आधी आवाज येतो, मग कमी होतो, मग वडी नुसती घसरायला लागते. ही वडी जमिनीवर पडली तर फेकून द्यायची, धुऊन वापरायची नाही. आमची पडली. आईनं उचलून नळाखाली धरली, कारण तिच्या घरात काही फेकलं जात नाही. बाबांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

रेघा काढण्यासाठी आम्ही फक्त हातानं, अगदी बारीक पॉलिश एकदा फिरवलं. सगळ्या गेल्या नाहीत, निम्म्या गेल्या असतील. बाबांनीच पुढे जायला नकार दिला. "थर आहे तोवर आहे." मग सीलंट, आणि तिथे पहिली चूक माझी झाली. बॉनेट उन्हात होतं आणि मी लोण्यासारखं भरपूर लावलं. ते वाळून पांढरे पट्टे पडले आणि पुसताना दम निघाला. सीलंट सावलीत, थंड पत्र्यावर, दिसेल न दिसेल इतकं पातळ लावायचं. जास्त लावलं म्हणून जास्त टिकत नाही, जास्त पुसावं लागतं एवढंच. एकेक पॅनेल, धुकं धरेपर्यंत थांबा, मग स्वच्छ मायक्रोफायबरनं उतरवा. त्यानंतर एक दिवस गाडीला पाणी लागू द्यायचं नाही. बाबांनी पार्किंगच्या खांबाला चिठ्ठी चिकटवली होती, "महेरबानी करीने आ गाडी धोशो नहीं".

ही चिठ्ठी सोसायटीतल्या गाड्या पुसणाऱ्या मुलासाठी. त्याच्याबद्दल लिहायला हवं, कारण अशा लेखांमध्ये सगळं खापर त्याच्यावर फुटतं. तो सकाळी साडेपाचला येतो, साडेआठच्या आत १४ गाड्या करतो आणि मग दुसऱ्या कामावर जातो. मी त्याला दोन बादल्यांचं शास्त्र समजवायला गेले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बेन, एक डोलमां छ गाडी थई जाय. पाणी क्यांथी लावुं?" खरंच होतं. आपण महिन्याला जे पैसे देतो, त्यात तो दुसरं काय करणार? आता आमच्या गाडीला रोज हात लावायचा नाही, फक्त काचा आणि टायर, असं त्याच्याशी ठरलं आहे, पैसे तेवढेच. त्याला वाटतं आम्ही वेडे आहोत. पण आणखी दोन घरांनी तसंच सांगितल्यावर तो बाकीच्या गाड्यांसाठी दोन वेळा पाणी बदलायला लागला.

पाण्याचं आणखी एक. आमच्या सोसायटीचं पाणी बोअरचं आहे. नळाच्या तोटीवर जो पांढरा खर साचतो, तोच गाडीवर ठिपक्यांच्या रूपात बसतो. पुष्कळ घरांतून आरओमधून वाया जाणारं पाणी साठवून त्यानं गाडी धुतात. हेतू चांगला आहे, पण ते पाणी बोअरपेक्षाही क्षारांचं, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. ते फरशी पुसायला ठेवा. उलट उन्हाळ्यात एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं ते हवेतली वाफ थंड होऊन आलेलं, जवळजवळ क्षारमुक्त. मी मीटर लावून पाहिलं, तर बोअरचा आकडा चार अंकी आणि एसीचा दोन अंकी. शेवटची बादली आम्ही त्याचीच ओततो. ठिपके पडलेच तर व्हिनेगर पाण्यात पातळ करून ओल्या कापडानं टेकवा आणि लगेच धुवा. वाळू देऊ नका.

आणि गाडीचा एखादा भाग नुकताच रंगवून आणला असेल, तर त्याच्यावर किमान महिनाभर काहीही लावू नका. गॅरेजमधल्या रंगातलं द्रावक हळूहळू उडत असतं, त्याला वाट हवी. माझ्या मावसभावानं घाई केली होती आणि त्याच्या नव्या बंपरवर दोन महिन्यांत धुरकट डाग आले.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला. आत्या कारेलीबागेत राहते. तिच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. मगरींच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील, तिच्याकडे नशिबानं नुसता गाळ आला. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो. गल्लीभर लोक बाहेर येऊन गाड्या पुसत होते, टॉवेलनं, पोत्यानं, झाडूनं, हाताला लागेल त्यानं. नदीचा गाळ, अर्धवट वाळलेला. बाबा पहिल्या गाडीपाशी गेले, मग दुसऱ्या. "पुसू नका. आधी नुसतं पाणी ओता, वाहून जाऊ द्या." ज्यांचे फ्रिज आणि गाद्या रस्त्यावर पडल्या होत्या, त्यांना रंगाचं काय? एक बाई तसं म्हणाल्यासुद्धा. बाबा ओशाळले, "खरं आहे," म्हणाले, आणि त्यांची गादी उचलायला हात लावला. इंजिनात पाणी गेलेल्या गाडीच्या चकाकीला अर्थ नसतोच. पण आत्याच्या गाडीवर त्यांनी तीन बादल्या वरून संथ सोडल्या आणि कुणालाही फडकं लावू दिलं नाही. ती गाडी पुढे दुरुस्त झाली, आणि रंगानं आजही बरी आहे.

आमची गाडी आता आठ वर्षांची होईल. दर तीन महिन्यांनी एका रविवारी सीलंट होतं. पाणी टाकल्यावर टपोरे मणी व्हायचे थांबून पाण्याचा सपाट पापुद्रा व्हायला लागला, की दिवस भरले समजायचं. वहीत तारखा बाबा लिहितात. उन्हात पाहिलं तर उरलेल्या रेघा दिसतात, नव्या वाढलेल्या नाहीत. बॉनेटच्या कडेचा चिंचोका तसाच आहे. रंगवून घेऊ या म्हटलं तर ते नको म्हणतात. त्यावर सीलंट लावताना त्यांचं बोट जरा जास्त वेळ थांबतं.

सकाळी सातला ते अजूनही खाली जातात. गाडीवर एक नजर टाकतात, कबुतरानं काही केलं असेल तर पाण्याचा फवारा मारून उचलतात, आणि मग खिशातून आईच्या साडीचं फडकं काढून शेजारी उभी असलेली जुनी स्कूटर पुसतात. गोल गोल. त्याबद्दल मी काही बोललेले नाही.